कन्व्हर्टिबल घेताय? आधी छत तपासा, मग इंजिन

उघड्या छताच्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे फसण्याचा राजमार्ग. गाडी धुऊन चकाचक केलेली असते, छत आधीच खाली घेतलेलं असतं, एक्झॉस्टचा आवाज थेट कानात शिरतो आणि वीस मिनिटांत माणूस रंग कोणता घ्यायचा यावर येऊन पोचतो. गाडी घरी आली की मात्र ऊन, पाऊस, धूळ आणि रहदारी यांच्या कृपेने ती बहुतेक वेळ छत लावूनच चालते. म्हणून कन्व्हर्टिबल आधी बंद छतानिशी पारखायची. छत उघडून फिरायची हौस शेवटच्या पंधरा मिनिटांत भागवा.

इंजिन आणि गिअरबॉक्सबद्दल इथे फारसं लिहीत नाही. तीच इंजिनं त्या कंपनीच्या सेडानमध्ये आणि कूपेमध्येही (पक्क्या छताच्या दोन दारी गाडीत) बसवलेली असतात, त्यांच्या खोडी माहितीतल्या असतात आणि कुठलाही बरा मेकॅनिक त्या तपासून देतो. कन्व्हर्टिबलसाठी आपण जे जादा पैसे मोजतो ते तीन गोष्टींचे: छताची यंत्रणा, छत काढल्यावर मजबूत केलेला सांगाडा आणि पाणी बाहेरच्या बाहेर वाहून नेण्याची सोय. पुढे जाऊन खिसा रिकामा होतो तोही याच तिघांपायी.

कापडी छत की पत्र्याचं

१९९६ साली मर्सिडीजची एसएलके आली आणि घडी होणाऱ्या पत्र्याच्या छताची लाट उसळली. बीएमडब्ल्यूची ई९३ थ्री सिरीज, ई८९ झेड४, नंतर एफ३३ फोर सिरीज, व्होल्वोची दुसऱ्या पिढीतली सी७०, फोक्सवॅगन ईऑस, सगळे त्याच वाटेने गेले. (ई९३, एफ३३ असली अक्षरं-आकडे म्हणजे त्या-त्या पिढीचं कंपनीतलं नाव.) ती लाट आता ओसरली आहे. झेड४ २०१८ मध्ये आलेल्या पिढीत कापडाकडे परतली, फोर सिरीज २०२० मध्ये, मर्सिडीजची एसएल २०२१ मध्ये. कारण वजनाचं आणि जागेचं आहे. नव्या एसएलचं कापडी छत आधीच्या धातूच्या छतापेक्षा २१ किलोंनी हलकं आहे, आणि हे किलो गाडीच्या सगळ्यात उंच भागातले, म्हणजे वळणावर गाडी कलते तिथले. फोर सिरीजमध्ये बीएमडब्ल्यूने छताचं वजन ४० टक्क्यांनी उतरवलं.

डिकीचा हिशेब त्याहून बोलका आहे. एफ३३ची डिकी छत बंद असताना ३७० लिटर, छत घडी करून आत घेतलं की २२० लिटर. तिच्याच जागी आलेल्या कापडी छताच्या जी२३मध्ये हे आकडे ३८५ आणि ३०० लिटर. २०१८च्या झेड४मध्ये छत कुठेही असो, २८१ लिटर तेवढेच राहतात, कारण छताची घडी डिकीत उतरतच नाही. जाहिरातीत छापतात तो आकडा बंद छताचा असतो. तेव्हा नेहमीची प्रवासाची बॅग सोबत न्या आणि छत उघडं ठेवून ती डिकीत घालून बघा. पत्र्याच्या छताच्या गाडीत बॅग मावेलही, पण घडी झालेल्या पत्र्यांच्या खालून ती आत सरकवता येते का, हा वेगळाच प्रश्न आहे. ई९३ आणि एफ३३मध्ये ही घडी थोडी उचलून धरणारं बटण आहे. ते चालतं का तेही बघून घ्या.

वेगाचे आकडे शोभेचे नाहीत. जी२३चं छत १० सेकंदांत उघडतं आणि ताशी ५० किलोमीटरपर्यंत गाडी चालू असताना उघडता येतं. ९९२ पिढीतल्या पोर्शे ९११ कॅब्रिओलेचं छत साधारण १२ सेकंद, ५०पर्यंत. नवी एसएल १५ सेकंद, ६०पर्यंत. एफ३३ला २० सेकंद लागत, आणि तेही गाडी जवळजवळ रांगत असतानाच. अचानक सर आली आणि तुम्ही रहदारीच्या मधोमध असलात तर या फरकाचा अर्थ कळतो. छत बंद करायला गाडी बाजूला घेऊन उभी करावी लागणार असेल, तर मालक हळूहळू ते उघडणंच सोडून देतात.

पत्र्याच्या छताच्याही जमेच्या बाजू आहेत. कुणी ब्लेडने कापू शकत नाही, गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर देखभाल कमी, मागची काच मोठी आणि पक्की. पण त्याचे सांधे, रबरी पट्ट्या, बिजागऱ्या आणि सेन्सर कितीतरी जास्त. ईऑसचं छत पाच तुकड्यांचं होतं. त्याच्या रबरांना ठरावीक वंगण नियमित लावलं नाही तर आधी करकर आणि मग ठिबक, हा तिचा ठरलेला क्रम. इंजिन मध्यभागी असलेल्या सुपरकारची गोष्ट वेगळी. तिथे छत म्हणजे फक्त दोन सीटांवरचा छोटा तुकडा असतो. फेरारी २९६ जीटीएसचं धातूचं छत १४ सेकंदांत, ताशी ४५पर्यंत उघडतं आणि फारशी जागाही खात नाही.

माझं मत विचाराल तर नवी गाडी घेताना कापडी छत. जुनी पत्र्याची घ्यायची असेल तर छताच्या दुरुस्तीचे कागद हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

सांगाडा

कूपेमध्ये छताचा पत्रा नुसता पाऊस अडवत नाही. पुढचे आणि मागचे खांब बांधून ठेवून गाडीला पीळ पडू देत नाही. तो काढला की सगळा भार जमिनीच्या पत्र्यावर आणि सिलवर, म्हणजे दारांखालच्या लांब तुळयांवर येतो. म्हणून कंपन्या सिल जाड करतात, गाडीच्या पोटाखाली तिरके पट्टे मारतात, पुढच्या काचेच्या चौकटीत अतिमजबूत पोलादाची नळी घालतात. त्यामुळे उघडी गाडी बहुतेकदा आपल्याच कूपे भावंडापेक्षा शंभर ते दोनशे किलोंनी जड होते, आणि तरीही कूपेइतकी घट्ट होत नाही.

राहिलेली ढिलाई जाणवते ती स्कटल शेक या नावाने. खड्ड्यावरून गाडी गेली की डॅशबोर्ड, पुढच्या काचेची चौकट आणि स्टिअरिंगचा दांडा क्षणभर वेगवेगळे थरथरतात. तपासायची रीत सोपी आहे. टायरमधली हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी करा, कारण जादा हवा भरली की चांगली गाडीसुद्धा थरथरते. मग गतिरोधक तिरका घ्या, एका वेळी एकच चाक चढेल असा, ताशी १५ ते २० किलोमीटरने. नजर आतल्या आरशावर ठेवा. मागचं दृश्य क्षणभर फिसकटून लगेच स्थिर झालं तर ठीक. थरथर दोन-तीन हेलकाव्यांनंतरही चालू राहिली, तर सांगाडा ढिला आहे, शॉक अब्सॉर्बर दमलेत किंवा पोटाखालचे पट्टे नीट आवळलेले नाहीत. हाच गतिरोधक एकदा छत लावून आणि एकदा उघडून घ्या. छत लावल्यावर पुढच्या लॅचपाशी, म्हणजे छत काचेच्या चौकटीला अडकवणाऱ्या कडीपाशी, टकटक किंवा करकर येत असेल तर लॅचची पकड सैल झालेली असते. ती बऱ्याचदा ॲडजस्ट करता येते.

पोटाखालच्या पट्ट्यांकडे लक्ष द्यायचं खास कारण आहे. गिअरबॉक्स किंवा एक्झॉस्टचं काम करायला ते काढावे लागतात, आणि परत बसवताना एखादा बोल्ट राहून जातो किंवा पट्टाच गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतो. गाडी लिफ्टवर घेतली की डावी-उजवी बाजू ताडून बघा. एका बाजूला पट्टा आहे आणि दुसरीकडे नुसती रिकामी भोकं, असं दिसलं तर गाडी का थरथरते याचा शोध तिथेच संपला.

चाकाचा आकार निवडतानाही हेच लक्षात असू द्या. २० इंची रिम, पातळ टायर आणि स्पोर्ट सस्पेन्शन फोटोत देखणं दिसतं, पण उघड्या सांगाड्याच्या गाडीत प्रत्येक धक्का थेट काचेच्या चौकटीत जातो. रन-फ्लॅट टायरची (हवा गेली तरी थोडं अंतर चालणाऱ्या) बाजू कडक असल्याने त्यात आणखी भर. नवी गाडी मागवत असाल तर एक साइज लहान रिम आणि ॲडॅप्टिव्ह डॅम्पर (रस्त्याप्रमाणे मऊ-कडक होणारे शॉक अब्सॉर्बर) घ्या, हवं तर त्यासाठी इंजिन एका पायरीने खालचं घ्या. छत उघडं टाकून कुणी शर्यत खेळत नाही.

अपघातातून सावरलेली कन्व्हर्टिबल तर लांबूनच नमस्कार करायची चीज. दोन-चार मिलिमीटरचा फरक सेडानमध्ये खपून जातो; इथे छताचे हूक आपल्या खाचांत बसत नाहीत. हूक आणि खाच यांच्यावरचे घासल्याचे व्रण बघा. व्रण मधोमध असतील तर बरं. एका कडेला असतील तर छत रोज ओढून-ताणून बसतंय.

छत चालवून बघणं

गाडी बघायला जाण्याआधी मालकाला सांगून ठेवा: छत बंद असू द्या आणि गाडी सुरू करू नका. छत आधीच उघडून ठेवलं असेल तर कापडाच्या घड्या दिसत नाहीत, मागची काच दिसत नाही आणि पंपही गरम होऊन नरमलेला असतो. थंड गाडीचं छत जे खरं बोलतं ते गरम गाडीचं बोलत नाही.

गाडी सपाट जागी उभी करा. एक चाक फुटपाथवर चढलेलं असताना सांगाडा पिळलेला असतो आणि चांगलं छतसुद्धा लॅचपाशी अडतं. डिकीतला पडदा किंवा कप्पा खाली ओढलेला हवा. तो जागेवर नसेल तर बहुतेक गाड्यांत छत हलतच नाही, आणि निम्मी ‘बिघडलेली’ छतं एवढ्याशा कारणाने बिघडलेली असतात. वर आणि मागे मोकळी जागा ठेवा. पत्र्याच्या छताच्या गाडीत डिकीचं झाकण मागच्या बाजूने उघडतं आणि भिंतीवर आपटतं. इंजिन सुरू ठेवा, कारण पंप बॅटरीतून भरपूर करंट ओढतो.

बटण दाबून धरा आणि बघण्याइतकंच ऐका. पंपाची घरघर एका सुरात हवी. कण्हल्यासारखा, चढउतार होणारा आवाज म्हणजे तेल कमी आहे किंवा तेलात हवा शिरली आहे. छताच्या दोन्ही बाजू बरोबरीने चालल्या पाहिजेत. एक बाजू चार बोटं मागे रेंगाळत असेल तर त्या बाजूचा हायड्रॉलिक सिलिंडर आतून तेल सोडतोय, नाहीतर बिजागरीचा बुश झिजलाय. सगळं नीट होऊन अगदी शेवटी लॅच लागताना छत घुटमळत असेल तर संशय सेन्सरवर किंवा लॅचच्या जुळणीवर. काही क्षण थांबून पुन्हा करा, असं तीन वेळा. त्याहून जास्त सलग नको, पंप तापला की यंत्रणा स्वतःहून विश्रांती घेते आणि तुम्ही उगाच बिघाड समजाल. छत अर्धवट उघडं ठेवून गप्पा मारत उभंही राहू नका. बऱ्याच यंत्रणा थोड्या वेळाने दाब सोडून देतात आणि छत खाली बसू लागतं.

मग तेल शोधा. पुढच्या लॅचच्या आसपास आतल्या अस्तरावर तेलकट डाग आहे का? मर्सिडीजच्या आर१२९ एसएलमध्ये पुढच्या चौकटीतले सिलिंडर गळून तेल थेट बसणाऱ्यांवर ठिबकायचं, आणि ही तक्रार इतकी सर्रास की ती गाडी बघताना पहिली नजर तिथेच जाते. डिकीच्या दोन्ही कडांचं अस्तर उचकून पंपाखाली बोट फिरवा. गळणारे सिलिंडर नवे सील घालून दुरुस्त होतात, त्यातलं काम करणारे खास कारागीर असतात. पण एक गळला तर त्याच वयाचे बाकीचेही रांगेत उभे आहेत असं धरून भाव करा.

तेलाची पातळी बघताना एक मेख आहे. छत उघडं की बंद, यावर सिलिंडरमध्ये किती तेल आहे ते ठरतं आणि टाकीतली पातळी तशी वर-खाली होते. कोणत्या स्थितीत बघायची ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आणि तेल तेच घालायचं जे टाकीवर लिहिलंय. हाताशी आहे म्हणून गिअरबॉक्सचं तेल ओतणारे भेटतात. त्याने सील फुगतात आणि मग सगळाच संच बदलावा लागतो.

बॅटरीची एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. या गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या असतात. बॅटरी दमलेली असली की छत मध्येच थांबतं, काचा खाली येत नाहीत, डॅशबोर्डवर चार वेगवेगळे दिवे लागतात आणि बिघाड छताचा वाटतो. इंजिन बंद करून काही तासांनी व्होल्टेज मोजा. १२.४च्या खाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, मग छताबद्दल मत बनवा.

फ्रेम नसलेल्या दारांच्या काचा हा छताचाच भाग समजा. हँडल ओढताच काच जेमतेम सेंटिमीटरभर खाली येते आणि दार लागलं की पुन्हा वर जाऊन रबरात रुतते. ती खाली आली नाही तर प्रत्येक वेळी रबराला ओरबाडत बाहेर पडते. बॅटरी काढून लावल्यावर काचेची ही आठवण पुसली जाते. बहुतेक गाड्यांत छत बंद ठेवून काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच धरून ठेवलं की ती परत येते. एवढं करूनही काच हलली नाही तर दाराच्या लॅचमधला मायक्रोस्विच बघावा लागेल.

पाणी

कन्व्हर्टिबलमध्ये पाणी आत येतं ते बहुतेकदा कापडातून नाही. ते तुंबलेल्या नळ्यांमुळे येतं. छताच्या घडीच्या खोबणीत पडणारं पाणी वाहून न्यायला दोन्ही बाजूंना नळ्या असतात आणि त्या मागच्या चाकांच्या पुढे कुठेतरी खाली उघडतात. पानं, धूळ आणि कापडाचा भुसा यांनी त्या भरल्या की पाणी मिळेल त्या वाटेने आत शिरतं, आणि डिझायनरनी नेमक्या त्या वाटेवर महागाच्या वस्तू ठेवलेल्या असतात. बीएमडब्ल्यूच्या ई८५ झेड४मध्ये छताचा पंपच त्या खोबणीच्या कडेला खाली बसवलाय. नळी तुंबली की मोटर पाण्यात बुडून मरते. पोर्शे बॉक्सस्टरच्या ९८६ पिढीत इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा, कंट्रोल बॉक्स सीटखाली आहे. जमिनीवर पाणी साचलं की गाडी सुरूच होत नाही.

तपासणी दहा मिनिटांची. छत अर्धं उघडून खोबण आणि नळीचं तोंड शोधा, अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता आणि दुसऱ्या माणसाला गाडीखाली बघायला सांगा. पाणी लगेच धारेने खाली आलं पाहिजे, आणि दोन्ही बाजूंनी. थेंबथेंब येत असेल तर नळी अर्धी तुंबली आहे. ती साफ करायला गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी उत्तम. तार नको, कारण नळीला भोक पडतं, आणि वरून कॉम्प्रेसरची हवाही नको, कारण नळी आत सांध्यातून निसटते आणि मग सगळं आतलं पॅनेल उघडावं लागतं.

त्यानंतर छत लावून साध्या पाइपने पाणी मारा, खालून वर सरकत, एका जागी दोन-तीन मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी नेमकं कुठून आलं ते कळत नाही. प्रेशर वॉशर वापरू नका. त्याच्यापुढे नवी गाडीही टिकत नाही. आत एकाने टॉर्च आणि टिश्यू घेऊन बसायचं. काचेच्या वरच्या पुढच्या कोपऱ्याकडे आधी बघा, तीन रबरं तिथे एकत्र येतात आणि गळती तिथूनच सुरू होते. कोरड्यात करायची चाचणी आणखी सोपी: कागदाची पट्टी काच आणि रबर यांच्यामध्ये धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडकून आली पाहिजे. जिथे सुळकन निघाली तिथून वाराही शिट्टी वाजवणार आणि पाणीही येणार.

जुना ओलावा लपवणं सोपं नसतं. कार्पेटवर नुसता हात फिरवू नका, तळव्याने जोर देऊन दाबा. वरचा थर वाळलेला असतो, खालचा फोम महिनोन्‌महिने ओला राहतो. डिकीच्या तळाशी बॅटरी किंवा स्टेपनीचा खड्डा असतो तिथे पाण्याच्या पातळीच्या रेषा शोधा. सीटखालच्या वायरच्या जोडांवर हिरवट गंज दिसला तर गाडी परत द्या. आणि आरशाला तीन-तीन एअर फ्रेशनर लटकत असतील, तर ते काढून काचा बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा आत बसा.

कापड आणि मागची काच

चांगलं कापडी छत तीन थरांचं असतं: बाहेर ॲक्रिलिकचं विणकाम, मध्ये रबर, आत अस्तर. पाणी अडवतं ते मधलं रबर; बाहेरचा थर नुसता थेंब झटकतो. झिजायच्या जागा ठरलेल्या आहेत: घडी पडते त्या रेषा आणि मागच्या काचेच्या वरचे दोन कोपरे. तिथे दोरे विसविशीत दिसतात का, आतून टॉर्च धरल्यावर टाचणीएवढा उजेड पलीकडे जातो का, ते बघा. छताच्या आत कापडाला ताणून धरणारे इलॅस्टिकचे पट्टे असतात; ते सैलावले की कापड घडी होताना सांगाड्यात अडकतं आणि कापलं जातं. पट्ट्यांची किंमत मामुली, कापडाची नाही.

काळ्या छताला रंग मारून नवं केलेलं असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा, रंग फडक्यावर येईल.

काचेची मागची खिडकी कापडाला चिकटवलेली असते आणि हा चिकटा जुना झाला की वरच्या कडेपासून सुटू लागतो. आतून कडेवर बोट फिरवा, सुटली असेल तर फट लागते. ती पुन्हा चिकटवता येते, पण कापड ताणलेलं असल्याने कोपरा परत सुटतो, असा अनुभव बहुतेकांना येतो. ९८६ बॉक्सस्टरच्या सुरुवातीच्या गाड्यांत काचेऐवजी प्लॅस्टिकची खिडकी होती. २००३ मॉडेलपासून काच आली. प्लॅस्टिक थंडीत घडी केलं की तडकतं.

काळजी फार नाही: मऊ ब्रश, कोमट पाणी, सौम्य साबण, वाळल्यावर वर्षातून एकदा पाणी झटकणारा स्प्रे. रबरांना सिलिकॉनवर आधारलेलं किंवा कंपनीचं वंगण. साधं ग्रीस रबर फुगवतं. ओलं छत घडी करून ठेवलं तर बुरशी, आणि तो वास जात नाही.

आत बसल्यावर

छत लावून सीट सगळ्यात खाली घ्या. डोकं अस्तराला लागतंय का बघा, आणि तिरकं मागे वळून बघा. कापडी छताचा मागचा कोपरा केवढी मोठी आंधळी जागा तयार करतो ते तिथे कळतं. या गाडीत ब्लाइंड स्पॉटचा इशारा आणि मागचा कॅमेरा ही चैन नाही.

मग छत उघडा. पुढच्या काचेच्या चौकटीपासून मागच्या रोल बारपर्यंत (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या सीटमागच्या कमानीपर्यंत) एक काठी आडवी धरली तर डोकं तिच्या खाली राहिलं पाहिजे. गाडी उलटली तर तुमच्या वाट्याला तेवढीच जागा. अनेक चार सीटर गाड्यांत रोल बार दिसत नाहीत. मागच्या सीटांच्या पाठीत लपलेले असतात आणि गाडी कलंडतेय असं सेन्सरला वाटताच क्षणार्धात वर उसळतात. १९८९च्या आर१२९ने हा प्रकार आणला. जुनी गाडी घेत असाल तर एअरबॅगचा दिवा इंजिन सुरू होताच लागून विझतो का ते बघा; बऱ्याच गाड्यांत रोल बारचा बिघाडही त्याच दिव्यातून कळतो. दिवा मुळीच लागत नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम काढलाय. स्फोटकाने उडणारे बार एकदा उसळले की बदलावे लागतात, स्प्रिंगवरचे परत बसवता येतात.

वारा समोरून येत नाही, काचेवरून उडून मागून मानेवर येतो. चार सीटर गाडीत जाळीचा विंड डिफ्लेक्टर मागच्या सीटांवर लावतात, म्हणजे तो लावला की गाडी दोघांची. पोर्शेच्या ९९२मध्ये तो बटणावर दोन सेकंदांत उभा राहतो, ताशी १२०पर्यंत. मर्सिडीजने २०१०च्या ई-क्लास कॅब्रिओलेत पुढच्या काचेच्या चौकटीवर वर उचलणारी पट्टी दिली, एअरकॅप नावाची, त्यामुळे मागच्यांनाही बसता येतं, मात्र पट्टीचा घोंघाट होतो. मानेवर गरम हवा सोडणारा एअरस्कार्फ २००४च्या एसएलकेपासूनचा. ऑप्शनच्या यादीत पैसे वाचवायचे असतील तर कुठेही वाचवा, वारा अडवणं आणि मानेची ऊब या दोन गोष्टींवर नाही. उन्हात तापणारं काळं लेदरही टाळा, किंवा ऊन परतवणारा रंग दिलेलं लेदर मागा.

मागच्या सीटवर स्वतः बसून बघा, छत लावून. पाठ जवळजवळ उभी असते, कारण मागे छताची यंत्रणा आहे. अर्धा तास कुणी बसेल. त्याहून लांबच्या प्रवासाचं वचन घरच्यांना देऊ नका. लहान मुलाचं सीट लावायचं असेल तर ते शोरूममध्येच लावून बघा.

कागद

कमी किलोमीटर चाललेली कन्व्हर्टिबल आपोआप चांगली ठरत नाही. महिन्यातून एकदाही छत न हललेल्या गाडीचे सील वाळतात, रबरं एकमेकांना चिकटतात. टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी बाजूला भेगा असतील तर टायर गेले.

वाढीव वॉरंटी घेताना छताचं कापड, रबरं, सिलिंडर आणि पंप यातलं काय आत आहे आणि काय बाहेर, ते लेखी घ्या. कापड आणि रबरं झिजणाऱ्या वस्तूंत मोडतात असं म्हणून सर्रास वगळली जातात.

छत चालत नाही, ‘फक्त फ्यूज गेलाय’ असं कुणी सांगितलं तर त्यालाच तो बदलायला सांगा. फ्यूज बदलायला पाच मिनिटं लागतात, आणि छत चालणाऱ्या गाडीला जास्त भाव येतो हे विकणाऱ्यालाही कळतं. मॅन्युअलमध्ये छत हाताने बंद करायची पद्धत दिलेली असते. बऱ्याच गाड्यांत पंपावरचा एक स्क्रू किल्लीने सैल करून दाब सोडावा लागतो, मग दोघांनी मिळून छत ओढायचं. ती किल्ली आपल्या जागी आहे का, आणि त्या स्क्रूपर्यंत हात पोचतो का, हे गाडी ताब्यात घेण्याआधी बघून घ्या.